तारीख घाला, नाव विचारा

निवृत्त माणसाला दिवस कसा घालवायचा हे कोल्हापुरात कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी रंकाळ्याला फेरी, दुपारी वाचनालयात वर्तमानपत्रं, मोसमात शाहू स्टेडियमवर फुटबॉल, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्टा, मधूनच देवल क्लबातली एखादी मैफल, नाहीतर पन्हाळा, जोतिबा. नाद इथं प्रत्येकाला असतो आणि पुष्कळांना एकाहून जास्त असतात. पण तीस-चाळीस वर्षांचं हे पाहणं, ऐकणं, फिरणं आणि चाखणं कागदावर उतरत नाही, माणूस गेला की त्याच्याबरोबर जातं. साठी ओलांडलेल्या, चार-पाच नाद एकदम सांभाळणाऱ्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. रोज थोडं लिहा, आणि लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला तारीख, जागा आणि माणसाचं नाव जोडा, एवढंच माझं सांगणं आहे. हे कसं करायचं आणि आपल्या गावात काय काय टिपण्याजोगं आहे, ते आता सविस्तर.

निवृत्तीनंतर एकच विषय धरावा आणि त्यात खोल जावं, असा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. मला तो पटत नाही. पक्ष्यांची वही वेगळी, गाण्याची वेगळी, बाजारभावाची वेगळी असं केलंत, तर दोन महिन्यांत तिन्ही कोऱ्या राहतील. सगळ्या नादांना मिळून एकच वही असू द्या. एकाच पानावर पाऊस, रंकाळ्यावरची बदकं, गुळाचा भाव आणि रात्री ऐकलेला मारवा आला तर बिघडत नाही. उलट दोन-तीन वर्षांनी मागची पानं चाळताना त्या नोंदी एकमेकींशी बोलायला लागतात. पाऊस लांबला त्या वर्षी गुऱ्हाळं कधी पेटली, बहावा कधी फुलला, तळ्यावर पाहुणे पक्षी कधी उतरले, हे एकाच ठिकाणी सापडतं.

आपल्या करवीर गादीवरच्या एका तरुण राजानं अशी रोजनिशी ठेवली होती. राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर, 30 नोव्हेंबर 1870 रोजी, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात वारले. वय जेमतेम विशीचं. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथं त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांची इंग्रजीतली प्रवासाची डायरी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून 1872 मध्ये लंडनला छापली. एक हिंदुस्थानी राजा तेव्हाची विलायत कोणत्या नजरेनं पाहत होता, हे आज आपल्याला कळतं ते त्या डायरीमुळं. आता राजाचं लिखाण छापलं जाणारच, असं कुणी म्हणेल. मग पेण तालुक्यातल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं उदाहरण घ्या. दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेलेला हा गरीब भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी त्यानं ते सगळं लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ छापून आलं 1907 मध्ये. त्या काळातल्या मोठ्या लोकांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. गोडसे भटजी मोलाचे वाटतात ते दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होतं, मुक्काम कुठं पडला असल्या बारीकसारीक तपशिलांमुळं. इंग्लंडातल्या सेलबोर्न या खेड्यातला गिल्बर्ट व्हाइट नावाचा पाद्री 1768 पासून 1793 मध्ये मरेपर्यंत आपल्या आवारातल्या झाडा-पाखरांच्या नोंदी करत राहिला. जगभरचे निसर्ग अभ्यासक अजून त्याचं नाव घेतात. या तिघांमध्ये समान गोष्ट एकच, की ज्या जागी आपण उभे आहोत तिथलं त्यांनी लिहिलं.

तर सुरुवात पावसाळ्यापासून करा, कारण कोल्हापुरात लिहिण्याजोगं सगळ्यात जास्त तेव्हाच घडतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं गाव ‘पाणी किती चढलं’ आणि ‘राधानगरीचे दरवाजे उघडले का’ एवढंच विचारत असतं. रोजची अधिकृत पातळी प्रशासन जाहीर करतंच. ती वहीत उतरवून घ्याच, पण तिच्याशेजारी तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. पाणी घाटावरच्या कुठल्या देवळापर्यंत आलं, गल्लीत कुणाच्या पायरीला लागलं, किती वाजता लागलं, उतरायला किती वेळ लागला, शिरोलीकडचा रस्ता कधी बंद झाला. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पातळी 55 फुटांच्या वर गेली. आकडा सरकारी दप्तरात आहे. पण त्या आकड्याला तुमच्या बोळात पाणी कुठं असतं, हे दप्तरात नाही. पुढच्या वेळी 47 फुटांचा निरोप आला की शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींना हलवायचं की थांबायचं, हे तुमच्या वहीवरून ठरवता येईल. घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ राहिली असेल तर रंग देण्याआधी जमिनीपासून तिची उंची टेपनं मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. नदीकाठच्या पेठांतल्या प्रत्येक घरानं हे करायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

याच दिवसांत आषाढातली त्र्यंबोलीची जत्रा येते. नदीचं नवं पाणी कलशातून घेऊन पेठापेठांतले, तालमीतालमींचे लोक ‘पी ढबाक’च्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जातात. कोणत्या गल्लीचं पाणी कोणत्या वारी गेलं, वाजवणारे कुठले होते, त्यांची नावं काय, घरी प्रसादाला काय झालं, हे विचारून लिहा. वाजवणाऱ्याचं नाव सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

रंकाळ्याची फेरी तर रोजचीच आहे. चालताना लिहिता येत नाही आणि लिहूही नये, पाय घसरतो. फेरी पुरी झाली की बाकावर बसून पाच ओळी लिहा. एक ठरावीक जागा निवडा आणि दररोज तिथूनच बघा. संध्यामठाच्या खांबांवर पाणी कुठवर आहे, जलपर्णी किती पसरली, चांदवा दिसला का, हळदी-कुंकू बदकांची जोडी आहे की थवा, पाणकावळे पंख वाळवत कुठं बसलेत. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तर अंदाजानं नाव ठोकू नका. आकार चिमणीएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, पायांचा रंग कोणता, काय करत होता, एवढं लिहा. नाव नंतर पुस्तकात सापडतं. मारुती चितमपल्ली यांची पुस्तकं वाचनालयात मिळतील. आयुष्यभर वनखात्यात नोकरी करून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची मराठी नावं गोळा केली, ती आदिवासींना, मासेमाऱ्यांना विचारून. ऋतूंकडं कसं बघावं हे शिकायचं तर दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ हाताशी असू द्या. फेरीचा कंटाळा आला तर शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जा. तिथं मोर आहेत. ते कोणत्या आठवड्यात जास्त ओरडायला लागतात आणि त्यानंतर किती दिवसांनी पहिला मोठा पाऊस येतो, हे दरवर्षी टिपलंत तर तुमच्याकडं एक सुंदर तक्ता तयार होईल.

अंबाबाईचा किरणोत्सव हा याच प्रकारच्या निरीक्षणाचा आपला जुना वारसा आहे. नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम मानला जातो. प्रत्यक्षात ढग, धूळ, हवेतली आर्द्रता आणि किरणांच्या वाटेवरची बांधकामं यांमुळं दरवर्षी फरक पडतो. गर्दीत आत जाता आलं नाही तरी हरकत नाही. त्या दिवशीचं आभाळ कसं होतं, किरण कुठवर पोहोचले म्हणून सांगितलं गेलं, हे दोन ओळींत लिहा. आजूबाजूच्या तारखांनाही लिहा. वर्षानुवर्षांच्या अशा ओळी शेजारी ठेवल्या तर भक्ताला आणि अभ्यासकाला दोघांनाही उपयोगी पडतील.

खाण्यापिण्याची आवड असणाऱ्यांना सांगायचं ते असं, की कुठल्या ठिकाणची मिसळ सरस हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालेल, चालू द्या. वहीत भाव लिहा, वेळ लिहा, पाव किती आले ते लिहा. घरच्या पांढऱ्या रश्श्याची कृती लिहायची असेल तर ‘अंदाजानं मीठ’ असं लिहून भागणार नाही. घरातल्या बाईमाणसांच्या हाताशेजारी बसा, त्यांची मूठ वजनकाट्यावर ठेवा, मगच लिहा. आणि कृतीवर त्यांचं नाव घाला. आईची, मावशीची, आत्याची म्हणून नुसतं नातं लिहू नका. नातवाला ‘आत्या’ म्हणजे कोण हे कळणार नाही.

गूळ हा विषय मात्र तातडीचा आहे. गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत आणि रस काहिलीत उकळत असताना तो कधी उतरवायचा हे नुसत्या नजरेनं ओळखणारे गुळवे म्हातारे झाले आहेत. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचा सौदा निघतो, त्याचा भाव दरवर्षी लिहून ठेवा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हंगामात एक पूर्ण दिवस एखाद्या गुऱ्हाळावर काढा. चुलवणात काय जाळतात, रस किती वेळ आटतो, मळी काढायला काय घालतात, पाक पाण्यात टाकून कसा बघतात, कढत्या काहिलीला कोण कुठल्या बाजूनं धरतं, वाफ्यात कधी ओततात. प्रश्न असा विचारा, की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येऊ नये. ‘तुम्हाला हे कुणी शिकवलं?’ या प्रश्नानं माणूस जेवढा बोलता होतो तेवढा दुसऱ्या कशानं होत नाही, असा माझा अनुभव आहे. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी परवानगी घ्या, आणि मुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, समोरच्या माणसाचं नाव आणि वय बोला. ते बोललं नाहीत, तर पाच वर्षांनी हा आवाज कुणाचा हे तुम्हालाच आठवणार नाही.

सिनेमाच्या नादाचे लोक या गावात फार. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला, ‘सावकारी पाश’ 1925 मध्ये. दोन्ही मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. ‘प्रभात’ची स्थापना 1929 मध्ये इथंच झाली आणि 1933 मध्ये ती पुण्याला गेली. चित्रपट गेले, तरी त्यांच्याविषयी आपल्याला जे कळतं ते जाहिराती, फोटो, पत्रं आणि आठवणी यांतून. नायक-नायिकांवर पुस्तकं झाली. पण नेपथ्याची सुतारकामं करणारे, कपडे शिवणारे, पडदे रंगवणारे, घोडे पुरवणारे, गर्दीत उभे राहणारे हेही कोल्हापूरचेच होते. त्यांची मुलं-नातवंडं शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शनिवार पेठेत राहतात. तुमच्या ओळखीत कुणाचे आजोबा जयप्रभा स्टुडिओत कामाला होते का, एवढी चौकशी करा. घरात एखादा फोटो, एखादी पगाराची चिठ्ठी निघेलच. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं, शाहू महाराजांनी बांधलेलं ते नाट्यगृह. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. असं काही घडलं की मग प्रत्येक जण जुने फोटो शोधू लागतो, आणि सापडतात ते रंगमंचावरचे. छत, खुर्च्या, विंगा, तिकिटाची खिडकी यांचे फोटो कुणी काढलेले नसतात. म्हणून आज जे उभं आहे त्याचे साधे, कंटाळवाणे वाटणारे फोटो काढून ठेवा. आपल्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं दुकान, तालमीचा हौदा, पापाच्या तिकटीवरच्या पाट्या.

गाण्याच्या रसिकांनी मैफलीची नोंद करताना गायकाबरोबर तबल्याला आणि पेटीला कोण होतं ते जरूर लिहावं. उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांचं वास्तव्य लाभलेल्या गावात साथीदारांची नावं हरवू नयेत.

आता घरातले कागद. जुने फोटो असतील तर मागं बॉलपेननं लिहू नका, वळ पुढं उमटतो आणि शाई पसरते. मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. मागची बाजू गुळगुळीत असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर पाकिटात ठेवा. डावीकडून उजवीकडं उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव, अंदाजे साल, ठिकाण. घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीला हे काम या आठवड्यातच विचारा, पुढच्या सणाची वाट बघू नका. सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड हे कागदाचे शत्रू आहेत. आपल्या जुन्या कारकुनांची पद्धत उत्तम होती. दप्तर सुती रुमालात बांधायचं. तेच करा.

मोडी कागद निघाले तर ते फेकू किंवा विकू नका. कोल्हापुरात पुरालेखागार आहे, मोडी जाणणारे आहेत आणि मोडीचे वर्गही अधूनमधून भरतात. साठीनंतर मोडी शिकणाऱ्यांना ती फार पटकन येते, कारण धीर असतो. कागद वाचता येण्याआधी निदान साल काढायला शिका. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 79. फसली सनात 590 मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर 591. सुहूर सन असेल तर 599 किंवा 600. एवढ्यावर पणजोबांचा जमिनीचा कागद कोणत्या काळातला हे कळून जातं. इतिहासाचा नाद असेल तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात निवांत जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेवता पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघा. पंचगंगेकाठच्या या गावाचा समुद्रापलीकडच्या जगाशी किती जुना संबंध होता, ते तिथं दिसतं.

पूररेषेत राहणाऱ्यांनी वह्या, अल्बम आणि कागद जून उजाडताच वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडं हलवावेत, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात. तरीही भिजलेच तर घाई करू नका. कडक उन्हात वाळवलेला कागद आकसतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा, पानांमध्ये कोरा टिपकागद घाला आणि तो बदलत राहा. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे झाल्यावर ओढून काढाल तर चित्र निघून येईल. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सोडवा. ते लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, काही दिवसांची उसंत मिळते.

हात थरथरत असेल, डोळ्यांना त्रास असेल तर मोबाइलवर मराठीत बोलून लिहिता येतं. कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि सावकाश बोलायचं. गावांची आणि माणसांची नावं तेवढी नंतर तपासा, तिथंच गोंधळ होतो. फोटोंना नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस असं लिहा, म्हणजे ते आपोआप क्रमानं लागतात. महिन्यातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या घरात ठेवा. वही मात्र सोडू नका, तिला चार्जिंग लागत नाही. शिवलेल्या बांधणीची, जाड कागदाची, दोनशे पानी घ्या. स्पायरल नको, तारेतून पानं सुटतात. उजवीकडच्या पानावर लिहा आणि डावीकडचं कोरं ठेवा. नंतर कळलेलं, दुरुस्त्या, चिकटवायची तिकिटं तिथं जातील. वर्ष संपलं की शेवटच्या चार पानांत विषयवार पानांचे आकडे टाका: पूर, पक्षी, भाव, गाणं, माणसं. ही सूची नसेल तर वहीतलं काही सापडत नाही.

काय लिहू नये, हेही सांगतो. शेजाऱ्यांची भांडणं, दुसऱ्यांच्या घरातली आजारपणं, ऐकीव बदनामी लिहू नका. वही पुढं कुणाच्याही हाती जाऊ शकते. बँकेचे क्रमांक, पासवर्ड तिच्यात चुकूनही नकोत. ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवा. ऐकलेल्याच्या पुढं कुणाकडून ऐकलं ते लिहा. उद्या कुणी अभ्यासक तुमचं पान उघडेल तेव्हा त्याला या एका सवयीचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, आतल्या बाजूला, ती पुढं कुणाकडं जावी ते स्वच्छ अक्षरात लिहा. घरातल्या कुणाला आवड असेल तर त्याचं नाव घाला आणि त्याला आत्ताच बोलवून दाखवा. नसेल तर करवीर नगर वाचन मंदिर, विद्यापीठाचं बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालय किंवा तुमच्या पेठेतलं एखादं वाचनालय यांच्याकडं स्वतः जाऊन चौकशी करा, असे हस्तलिखित कागद ते स्वीकारतात का आणि कोणत्या अटीवर. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून सुरू आहे, म्हणजे कागद जपणं त्यांना नवं नाही. होकार मिळाला तर ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव आणि ती तारीखही त्याच पानावर लिहा.